ब्रेकमधली हवा

गेल्या पावसाळ्यात मी सायकलच्या ब्रेकमधली हवा चार वेळा काढली. चारही वेळा ब्रेकमध्ये हवा नव्हती.

मी गणित शिकवते. ‘आधी उदाहरण नीट वाचा, मग आकडेमोड करा’ हे मी रोज प्रत्येक तासाला म्हणते, आणि पोरं ऐकत नाहीत म्हणून चिडते. माझ्या चिडण्याची शाळेत ख्याती आहे. तरी ब्रेकच्या बाबतीत मी उदाहरण न वाचताच उत्तर लिहीत बसले. त्या नादात माझ्या वडिलांच्या हातात उरलेलं शेवटचं काम मी काढून घेतलं. ही त्याची हकिगत.

आम्ही वाशीमजवळच्या मालेगावात राहतो, मी आणि बाबा. आई जाऊन आठ वर्षं झाली. भाऊ पुण्याला असतो आणि फोनवर सल्ले देतो. माझी शाळा गावापासून नऊ किलोमीटरवरच्या खेड्यात आहे. तिकडे बस जाते, पण ती शाळेची वेळ विचारून जात नाही. म्हणून मी सायकल घेतली, वाशीमच्या एका घरातून, वापरलेली. त्यांचा मुलगा परदेशी गेला होता आणि सायकल जिन्याखाली धूळ खात उभी होती. घेतली तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. गावात लोकांना चार दिवस बोलायला विषय मिळाला, मग त्यांना दुसरा मिळाला.

या सायकलचे ब्रेक तारेचे नाहीत, तेलाचे आहेत. हँडलवर लिव्हरपाशी तेलाची एक चिमुकली टाकी असते. तिथून चाकापर्यंत बारीक नळी, नळीत काठोकाठ तेल. लिव्हर दाबला की तेल पुढे सरकतं आणि चाकापाशी दोन पॅड पोलादी डिस्कला दोन्ही बाजूंनी घट्ट धरतात. तेल सगळं आत. बाहेर डिस्कवर त्याचा थेंबही चालत नाही. हे शेवटचं वाक्य मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

नळीत हवा शिरली तर लिव्हर मऊ पडतो. दाबला की हँडलपर्यंत येतो आणि चाक आपलं फिरतच राहतं. तसं एकदा खरंच झालं होतं, दोन वर्षांपूर्वी. मालेगावातल्या सायकल दुकानदाराने नळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सायकल परत दिली. मग मी मोबाईलवर पाहून शिकले. त्यासाठी लागतं ते खास तेल घरपोच मागवलं. सिरिंज आणायला औषधाच्या दुकानात गेले.

‘‘सुई कितीची देऊ?’’ दुकानदाराने विचारलं.

‘‘सुई नको. नुसती सिरिंज.’’

‘‘पेशंट कोन हाय?’’

‘‘सायकल.’’

त्याने दिली. काही माणसं फार प्रश्न विचारत नाहीत, त्यांचं मला बरं वाटतं.

काम असं असतं. चाक काढायचं, पॅड काढून बाजूला ठेवायचे. लिव्हरपाशी टाकीच्या तोंडावर एक पारदर्शक वाटी बसवायची. खाली चाकापाशी नळीच्या दुसऱ्या टोकाला सिरिंज जोडायची आणि नवं तेल हळूहळू वर ढकलायचं. आतली हवा बुडबुडे होऊन वरच्या वाटीत येते. एका माणसाचं काम आहे असं व्हिडिओतला माणूस म्हणतो, पण त्याला बहुधा चार हात असावेत. मला दुसरं माणूस लागलं. घरात बाबा होते.

बाबा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. जन्मभर शेती केली. बाकी कामं एकेक करून त्यांच्या हातातून गेली होती, आणि ती काढून घेणारी मीच होते. ते एका म्हशीला मोपेड घेऊन धडकले, तेव्हा मी मोपेडची चावी कपाटात ठेवली. म्हशीला काही झालं नाही. दोनदा गॅस चालू राहिला, तेव्हा म्हटलं, ‘‘आजपासून गॅसले हात लावाचा नाही.’’ शेत बटईने दुसऱ्याला कसायला दिलं, तेव्हाही सह्यांपुरतं त्यांना बोलावलं. प्रत्येक वेळी माझं बरोबर होतं. आजही मला तसंच वाटतं. पण बरोबर असणाऱ्या माणसाबरोबर राहायला किती जड जात असेल, हे मी तोवर मनावर घेतलं नव्हतं.

त्यांच्याकडे उरली होती तेलाची कुपी. लांब नाकाची, पत्र्याची, बूड दाबलं की टक् असा आवाज करून थेंब टाकणारी. विहिरीवर डिझेल इंजिन होतं तेव्हापासूनची. दर रविवारी सकाळी मी भाजी आणायला बाहेर पडले की बाबांची फेरी सुरू व्हायची. फाटकाच्या बिजागऱ्या, दारांच्या कड्या, बंगईच्या म्हणजे झोपाळ्याच्या साखळ्या, हापसा. शेवटी आईची शिलाई मशीन. त्या मशीनवर आठ वर्षांत एक टाका पडलेला नाही, पण तिचं चाक बोटाने ढकललं तर अजून फिरत राहतं. या सगळ्यामुळे आमच्या घरात कशाचाच आवाज होत नाही. चोर आला तर आवाज करणारी घरात एकच वस्तू आहे, ती म्हणजे मी.

तर त्या पहिल्या वेळी बाबांनी वरची वाटी धरली. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, नजर नवी कोरी. मी खालून सिरिंज दाबत होते आणि ते वाटीत डोळे घालून बसले होते.

‘‘निंघाला!’’ ते ओरडले. ‘‘अजून एक. थांब, लहाना हाय, पन हाय.’’

काम अर्ध्या तासाचं, आम्ही दीड तास लावला. शेवटी लिव्हर कडक लागला, तेव्हा बाबांनी तो स्वतः तीनदा दाबून पाहिला आणि म्हणाले, ‘‘आता जमलं.’’ त्या दिवशी ते दोन भाकरी जास्त जेवले.

मग आला गेल्या वर्षीचा पावसाळा. डिस्क ओली झाली की ओरडते, सगळ्यांचीच. माझीही ओरडू लागली. रोज संध्याकाळी मी फाटकातून आत शिरताना ब्रेक दाबायची आणि अख्ख्या गल्लीला कळायचं की मॅडम आल्या. जुलैत एका सोमवारी मात्र ती ओरडली नाही, आणि थांबलीही नाही. मी फाटकाला जाऊन टेकले. फाटक अर्थातच निमूटपणे उघडलं.

ब्रेक लागत नाही म्हणजे हवा शिरली. मला एकच दुरुस्ती येत होती, त्यामुळे सायकलला एकच रोग होता. लिव्हर दगडासारखा कडक होता, हे मला बोटांना कळत होतं. मी बोटांचं ऐकलं नाही. पॅड काढले तर ते चकचकीत दिसत होते. मला वाटलं, चांगले आहेत.

तो आठवडा बसने काढून रविवारी दुपारी आम्ही हवा काढली. बाबा वाटीशी, मी सिरिंजशी. दोन-चार बुडबुडे निघाले. सिरिंज जोडताना ते मीच आत घातलेले होते, पण बाबांनी त्यांचं स्वागत केलं. शेवटी व्हिडिओतल्या सूचनेप्रमाणे डिस्क स्पिरिटने पुसली, आणि सोमवारी ब्रेक लागला. किंचित किंचाळून, पण लागला. मी खूश झाले. शनिवारपर्यंत ठीक होता. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच.

ऑगस्ट संपेपर्यंत आम्ही तीनदा हवा काढली. दर वेळी आठवडाभर बरं, मग एखाद्या सोमवारी बिघडलेलं. सोमवारीच का, हा प्रश्न गणिताच्या बाईला पडला नाही. खरं सांगायचं तर मला त्या दुपारी आवडायला लागल्या होत्या. बाबा सकाळपासून विचारायचे, ‘‘आज काढाची काय हवा?’’ आणि मी नाही म्हटलं तर त्यांचं तोंड उतरायचं.

सप्टेंबरात चौथ्यांदा काढली, आणि त्यानंतर आठ दिवसांनी, सोमवारी, मी पडले. शाळेच्या अलीकडे लांब उतार आहे, खाली नाल्यावर अरुंद पूल. पुलावर एक बाई बकऱ्या घेऊन येत होती. मी दोन्ही ब्रेक दाबले. सायकलने ते मनावर घेतलं नाही. बकऱ्या, बाई आणि कठडा यांच्यात निवड करायची होती, मी डावीकडचं तुरीचं शेत निवडलं. बरीच आत गेले. कोपर सोललं, चष्मा तुरीत गेला.

बकऱ्यांची बाई रस्त्यावरूनच म्हणाली, ‘‘मॅडम, तिकून रस्ता नाही.’’

चष्मा तिनेच शोधून दिला. मी सायकल हाताने ढकलत शाळेत गेले, सगळे तास घेतले, आणि संध्याकाळी तशीच ढकलत मालेगावात आले. सरळ घरी न जाता वाशीम रोडवर मोटरसायकलींचं काम करणाऱ्या मिस्त्रीकडे गेले. त्यांना सगळं गाव चाचा म्हणतं. त्यांनी कधी सायकल हातात घेत नाही म्हणून सांगितलं, आणि घेतली.

चाचांनी लिव्हर दाबला. पुन्हा दाबला. मग माझ्याकडे पाहिलं.

‘‘हवा नाही याच्यात. बिलकुल नाही. दगडावानी टाईट हाय.’’

‘‘चार वेळा काढली मी.’’

‘‘मंग कुठून राहीन?’’ ते म्हणाले. त्यांनी डिस्कवरून बोट फिरवलं, बोट नाकाला लावलं. ‘‘कोन्या दिवशी बिघडते?’’

‘‘सोमवारी.’’

‘‘घरी शिलाई मशीन हाय काय तुमच्या?’’

मी हो म्हणाले, आणि म्हणता म्हणताच मला सगळं कळलं. कुपी कळली, रविवार कळला, चकचकीत पॅड कळले. आवाज येतो म्हणून तेल, तेलाने ब्रेक जातो म्हणून स्पिरिट, तेल मुरलेले पॅड पुन्हा ओरडतात म्हणून पुन्हा तेल. दोन महिने आम्ही बापलेक एकाच सायकलवर आळीपाळीने काम करत होतो. एक बिघडवत होता, दुसरी भलतीकडेच दुरुस्त करत होती.

‘‘पॅड गेले हे. तेल पिऊन बसले,’’ चाचा म्हणाले. ‘‘नवे टाका. अन् घरच्याईवर बोंबलू नका.’’

माझी ख्याती त्यांच्यापर्यंतही पोहोचलेली असावी.

मी बोंबलले. फाटकातून आत शिरताच सुरू केलं. बाबा बंगईवर बसले होते. माझं सोललेलं कोपर पाहून ते उठले, तर मी म्हटलं, ‘‘बसा. सायकलच्या डिस्कले तेल कोनं लावलं?’’

‘‘मीच लावतो ना,’’ ते म्हणाले. आनंदानेच म्हणाले. ‘‘दर रईवारी. लय ओरडून राह्यली होती थे. दोन थेंब टाकतो.’’

‘‘काहून पन?’’

‘‘काहून म्हंजे? तू त्या उतारानं जातं. चाक घासून राह्यलं होतं. बंडीचा आख असा ओरडला तर आमी रस्त्यातच बैल सोडून वंगण लावू. आवाज म्हंजे जीव जाऊन राह्यला त्याचा. अडकलं चाक तर पडशीन तू.’’

‘‘बाबा, थो ब्रेक हाय. त्यानं घासलंच पाहिजे.’’

बाबांनी सायकलकडे पाहिलं. ‘‘घासासाठीच केला?’’

‘‘घासासाठीच केला. तुमच्या तेलानं मी आज मरत होती. आजपासून त्या कुपीले हात लावाचा नाही.’’

हे वाक्य मी आधी दोनदा वापरलेलं होतं, चावीसाठी आणि गॅससाठी, त्यामुळे ते तोंडातून सफाईने बाहेर आलं. बाबा उठले. आत गेले, कुपी फडक्याने पुसली आणि सज्ज्यावर ठेवून दिली. स्टूल घेऊन, स्वतः. मग बाहेर येऊन माझ्या कोपराला हळद लावली. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटतं आहे याचाच राग आला.

पुढच्या रविवारी मी भाजी घेऊन आले तर बाबा बंगईवर बसून होते. त्याच्या पुढच्याही रविवारी. नवे पॅड कुरिअरने यायला उशीर लागला, तोवर मी बसची वाट पाहत शाळेत जात होते आणि उशिरा पोहोचत होते. तिसऱ्या आठवड्यात फाटक कुरकुरलं. मग बंगई. मग न्हाणीघराचं दार असं ओरडलं की मी आतल्या आत दचकले. हापसा तर माणसाने कण्हावं तसा कण्हायला लागला. बाबांना हे सगळं ऐकू येत होतं. त्यांचे कान डोळ्यांहून चांगले आहेत. एकेका आवाजाला त्यांची मान त्या दिशेला वळायची आणि पुन्हा सरळ व्हायची. ते उठत नव्हते. जेवण एका भाकरीवर आलं होतं. भावाने फोनवर सल्ला दिला की बाबांचं रक्त तपासून घे.

एक दिवस मीच कुपी काढून फाटकाला तेल घातलं. बिजागरीत दोन थेंब गेले, बाकीचं माझ्या साडीवर. फाटक कुरकुरतच राहिलं. ते बाबांनी पाहिलं की नाही, माहीत नाही. मी कुपी परत जागेवर ठेवली.

पॅड आले. दिवाळीची सुट्टी लागली होती. मी डिस्क घासून स्वच्छ केली, नवे पॅड घातले, ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं. काम संपलं होतं. मी थोडा वेळ तशीच बसले, आणि मग पॅड पुन्हा काढले, चाक काढलं, सिरिंज आणली.

‘‘बाबा, हवा शिरल्यासारखी वाटते. वाटी धरता काय?’’

ते आले. स्टुलावर बसले, वाटीत डोळे घातले. मी खालून तेल ढकलू लागले. एव्हाना माझा हात इतका बसला होता की सिरिंज जोडताना एक बुडबुडाही आत गेला नव्हता. वाटीत स्वच्छ तेल चढत होतं आणि त्यात काहीच निघत नव्हतं. मी सिरिंज तिरकी करून पाहिली. नळीवर टिचक्या मारल्या. मनात म्हटलं, एक तरी ये बापा.

बराच वेळ झाल्यावर बाबा म्हणाले, ‘‘हवा नाही याच्यात, माय.’’

मी सिरिंज दाबायची थांबले.

‘‘तुलेही मालूम हाय.’’

‘‘हो,’’ मी म्हटलं.

त्यांनी वाटी सोडली नाही. ‘‘ढकल मंग. आता बसलोच हावो तर होऊ दे.’’

बाटलीतलं तेल संपेपर्यंत आम्ही हवा नसलेल्या ब्रेकमधली हवा काढत होतो. वरून आलेलं तेल मी पुसत होते. मी खाली मान घालूनच म्हटलं, ‘‘फाटक लय ओरडून राह्यलं, बाबा. मले नाही जमत.’’

‘‘पाहिलं मी,’’ ते म्हणाले. ‘‘साडी खराब केली तू. बिजागरीले खालून नाही, वरून लावा लागते.’’

‘‘चूक झाली माही. कुपी घ्या परत.’’

‘‘डिस्कले नाही लावाचं. बाकीच्याईले चालते ना?’’

‘‘चालते.’’

त्यांनी दोनदा विचारलं, कोणत्या कोणत्या वस्तूंना चालतं. मी सगळं घर मोजून दाखवलं. मग त्यांनी स्टूल उचललं आणि आत गेले. थोड्या वेळाने फाटकाकडून टक् टक् ऐकू आलं. मी सिरिंज धुवत होते. डोळ्यांत पाणी आलं, ते स्पिरिटच्या वासाने नव्हतं.

सुट्टी संपली. पहिल्या सोमवारी सकाळी मी सायकल काढायला गेले तर दोन्ही चाकांच्या डिस्कना कापडी पिशव्या बांधलेल्या. आईने शिवलेल्या, मिरच्या-हळदीच्या जुन्या पिशव्या, वरून सुतळीने घट्ट आवळलेल्या. रविवारी फेरी सुरू करण्याआधी बाबांनी त्या बांधल्या होत्या, चुकून थेंब उडाला तर डिस्कवर जायला नको म्हणून. फेरी संपल्यावर मात्र त्यांनी त्या सोडल्या नव्हत्या.

मी गाठ सोडायला गेले. सुटेना. ती बैल दावणीला बांधायची गाठ होती. ओढावं तितकी आवळत जाते. नखं मोडली, शाळेची वेळ होत आली. शेवटी मी हाक मारली, ‘‘बाबा!’’

ते आतून सावकाश आले, जणू तिथेच वाट पाहत उभे होते. वाकले, सुतळीचं एक टोक धरून हलकेच ओढलं. गाठ आपोआप उलगडली. दुसरीही. मग त्यांनी पुढचं चाक उचलून फिरवलं, ब्रेक दाबला, चाक थांबलं. मागचंही तसंच करून पाहिलं.

‘‘तुले नाही सुटनार थे,’’ ते म्हणाले. ‘‘मले आवाज देत जाय.’’

तेव्हापासून दर सोमवारी मी शाळेत जायच्या आधी बाबांना हाक मारते. ते येतात, गाठी सोडतात, दोन्ही ब्रेक तपासतात, आणि मगच मला फाटकातून बाहेर जाऊ देतात. मला पाच-सात मिनिटं उशीर होतो, तो मी उतारावर भरून काढत नाही.

ती गाठ मला केव्हाच सोडता येते. हे मी त्यांना सांगितलेलं नाही.